मौन आणि नकार : एका कंपायलरच्या निशाणांचा इतिहास

आमच्या महाविद्यालयात मराठीचा आणि संगणकशास्त्राचा विभाग एकाच मजल्यावर, समोरासमोर आहेत. ह्या शेजाराचा उपयोग आजवर चहापुरताच होत आला. एकदा पाठचिकित्सेचा तास संपवून बाहेर पडत असताना संगणकशास्त्राच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला थांबवून विचारले, "मॅडम, ज्या ग्रंथाची जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती, ती कोणी केली आणि कोणत्या तारखेला केली ह्यासह उपलब्ध आहे, असा ग्रंथ तुम्हांला मिळाला तर?" मी म्हणाले, असा ग्रंथ मराठीत नाही. ते म्हणाले, "मराठीत नाही, पण आहे." त्यांनी ज्याकडे बोट दाखवले ती होती जीसीसी ह्या कंपायलरची मूळ संहिता.

ती सगळी वाचणे मला शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. परंतु तिचा एक कोपरा, म्हणजे कंपायलरला द्यावयाच्या सूचनांची व्याख्या जेथे केली जाते तो भाग, मी त्यांच्या मदतीने वेगवेगळ्या काळच्या पाठांत वाचला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे कोणते पाठ होते, ह्याचा आपण तर्क करीत बसतो. येथे तर्काची गरज पडत नाही, सगळे पाठ समोर मांडलेले असतात. संगणकाच्या जाणकारांना पुढील मजकुरात नवे काही आढळणार नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. एखादा समाज आपल्या शब्दांची नोंद कशी ठेवतो, आणि न बोललेल्या गोष्टीचा अर्थ कसा लावतो, ह्यात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगणकाला त्याची अंकांची भाषा तेवढी कळते. माणसाने सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेली आज्ञावली त्या अंकभाषेत उतरवणारी जी दुसरी आज्ञावली, ती कंपायलर. ग्रेस हॉपर ह्यांनी १९५२ च्या सुमारास आपल्या ए-शून्य ह्या प्रणालीसाठी हा शब्द योजला तेव्हा त्यांच्यासमोर भाषांतर नव्हते, संकलन होते : आधी लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे एका संग्रहातून वेचून एकत्र जुळवणे. काव्यसंग्रहाच्या संपादकाला आपण ज्या अर्थाने संकलक म्हणतो त्याच्या बराच जवळचा हा अर्थ आहे. पुढे काम भाषांतराचे झाले, नाव मात्र संकलकाचेच राहिले. नावे अशी मागे राहतात, हे ह्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

कंपायलर वापरणारा पडद्यावर एक ओळ लिहितो. तीत कंपायलरचे नाव असते, ज्या मजकुराचे रूपांतर करायचे त्या फाइलचे नाव असते, आणि ह्या दोहोंच्या आगेमागे काही लहान खुणा असतात. प्रत्येक खुणेच्या आरंभी एक आडवी रेघ. ह्या खुणांना इंग्रजीत 'फ्लॅग' म्हणतात. मी त्यांना निशाण म्हणते. आगगाडीच्या गार्डाच्या हातातले निशाण डोळ्यांपुढे आणावे : ते वर आहे की खाली, एवढाच प्रश्न. निशाणे मुळात रोमन अक्षरांत असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

आडव्या रेघेची प्रथा मल्टिक्स ह्या प्रणालीत आढळते. १९६० च्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक ह्यांनी ती एकत्र उभारायला घेतली होती. तेथे रेघेपुढे पूर्ण शब्द असे : 'लाँग', 'ब्रीफ', 'ऑल'. १९६९ साली बेल लॅब्ज त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तेथल्याच केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स रचली. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली पुस्तिका निघाली. त्या पुस्तिकेत रेघ टिकली आहे, शब्द मात्र आक्रसून एकेका अक्षराचे झाले आहेत. टेलिटाइप यंत्राच्या जड कळा आणि मंद गती हे त्याचे एक कारण. बखरकाराने कागद वाचवण्यासाठी शब्द मोडून लिहावेत तसे हे झाले, फरक इतकाच की येथे मोड हीच पुढे प्रमाण लिपी ठरली.

त्या काळातला एक अवशेष आजही रोज वापरात आहे. कंपायलरला तयार मालाचे नाव काय ठेवावे हे सांगितले नाही, तर तो त्या फाइलला 'ए.आउट' असे नाव देतो. 'ए' म्हणजे असेंब्लर. युनिक्सच्या पहिल्या यंत्रावर, पीडीपी-७ वर, तुकडे जोडणारी वेगळी आज्ञावली नव्हती. असेंब्लरचे उत्पादन हेच अंतिम उत्पादन होते आणि ते ह्या ठरलेल्या नावाने बाहेर पडे. रिचींनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे जोडणी करणारी आज्ञावली आली, 'ए.आउट' आता असेंब्लरकडून येत नाही, तरी नाव तेच. वेगळे नाव हवे असेल तर 'ओ' हे निशाण द्यावे लागते. निशाण न देणे म्हणजे काहीच न सांगणे नव्हे. न सांगितलेल्या जागी १९७० च्या आसपासचा एक निर्णय बसलेला असतो आणि तो आपल्या वतीने बोलतो.

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मार्च १९८७ मध्ये जीसीसीची पहिली चाचणी-आवृत्ती लोकांसमोर ठेवली. ह्या कंपायलरला इतक्या गोष्टी सांगता येत होत्या की सव्वीस अक्षरे पुरणे शक्य नव्हते. मग कुळे पाडली गेली. 'डब्ल्यू'ने सुरू होणारी निशाणे इशाऱ्यांची, 'एम'ने सुरू होणारी विशिष्ट यंत्राशी संबंधित, आणि यंत्रनिरपेक्ष वर्तनासंबंधीची 'एफ'ची. हा 'एफ' म्हणजे 'फ्लॅग'च. म्हणजे एका कुळाचे नावच 'निशाण' : एखाद्या घराण्याचे आडनाव 'आडनावे' असावे, तसा प्रकार. बहुतेक निशाणांना नकाररूपही मिळाले. कुळाच्या अक्षरानंतर 'नो' हा उपसर्ग जोडला की अर्थ उलटतो. आपल्या 'अ-' किंवा 'बे-' ह्या उपसर्गांप्रमाणेच, पण कोणताही अपवाद न करता आणि अर्थाची कोणतीही छटा न बदलता. ('अमोल' आणि 'बेमोल' ह्यांच्यासारखी गंमत येथे होत नाही, हे साहित्याच्या माणसाला थोडे निराश करणारे आहे.)

नावांच्या बाबतीत स्टॉलमन ह्यांचा स्वभाव लपत नाही. भाषेच्या अधिकृत प्रमाणाचे काटेकोर पालन करून घेणाऱ्या निशाणाचे नाव आहे 'पेडँटिक', म्हणजे आपल्या भाषेत शास्त्रीबुवा. जुन्या पुस्तिकेत ह्या निशाणाचे वर्णन करताना त्यांनी स्पष्टच लिहिले होते की हे उपयोगाचे असावे असा हेतूच नाही, एरवी तक्रार करीत बसणाऱ्या पंडितांचे समाधान व्हावे एवढ्यासाठी ते ठेवले आहे. 'डब्ल्यू-ऑल' ह्या सुप्रसिद्ध निशाणाची कथा निराळी. नावात 'सर्व' आहे, पण त्याने सर्व इशारे मिळत नाहीत. सर्वसाधारण लेखकाला उपयोगी आणि टाळण्यास सोपे वाटावेत एवढेच मिळतात. उरलेल्यांपैकी काहींसाठी 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' आहे, आणि दोन्ही दिली तरी 'सर्व' पुरे होत नाही. नवे इशारे निघत गेले; ते सगळे 'ऑल'मध्ये घातले असते तर काल विनातक्रार चालणाऱ्या आज्ञावल्यांवर आज इशाऱ्यांचा पाऊस पडला असता. म्हणून शब्दाचा अर्थ मर्यादित ठेवावा लागला. 'समग्र' वाङ्मयाचे खंड निघाल्यानंतर सापडलेल्या पत्रांचे संपादक काय करतात, हे आठवावे.

आता संहितेकडे वळू. १९९२ साली सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेतील 'टॉपलेव्ह' नावाच्या फाइलमध्ये 'एफ' कुळाची एक सारणी आहे. सारणीच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : निशाणाचे नाव; ज्या चलात त्याची नोंद ठेवायची त्या चलाचा पत्ता; आणि निशाण दिसल्यास त्या चलात घालायचे मूल्य, बहुधा एक. आज्ञेच्या ओळीवर 'एफ'ने सुरू होणारा शब्द आला की कंपायलर ही सारणी वरून खाली चाळतो. 'नो' लागलेले असेल तर उलट मूल्य घालतो. पुढे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ओळीत चौथी गोष्ट आली : निशाणाचा अर्थ सांगणारे एक लहानसे वाक्य.

हे व्यवस्थित दिसते, पण ही सारणी म्हणजे सगळा पाठ नव्हे. सी भाषेपुरती असलेली निशाणे वेगळ्या फाइलमध्ये होती आणि तेथे सारणी नव्हती, तुलनांची एक लांबलचक साखळी होती : शब्द हा आहे का, नसेल तर तो आहे का, नसेल तर तो. शिवाय अशी निशाणे अस्तित्वात आहेत हे मुख्य भागाला कळावे म्हणून त्यांची नावे आणखी एका यादीत घालावी लागत. चलाची व्याख्या एका जागी, त्याची घोषणा दुसऱ्या जागी. सविस्तर वर्णन पुस्तिकेत. आणि युनिक्सच्या प्रथेप्रमाणे जे संक्षिप्त मॅन-पृष्ठ असते, ते पुन्हा वेगळे, हाताने लिहिलेले. एक शब्द कोशात घालायचा तर सहा वह्यांत नोंद करायची, अशी ही व्यवस्था होती. परिणाम व्हायचा तोच झाला. मॅन-पृष्ठ इतके मागे पडले की त्याच्या आरंभीच ते अद्ययावत ठेवले जात नाही अशी कबुली छापलेली असे. तिसऱ्या मालिकेपासून ते पुस्तिकेतूनच आपोआप तयार होऊ लागले, तेव्हा सहापैकी एक वही मिटली.

ह्याहून खोल अडचण एका शून्याची होती, आणि माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासाचे मर्म तेथे आहे. चलात एक असेल तर निशाण वर. शून्य असेल तर निशाण खाली. पण शून्य दोन कारणांनी असू शकते. वापरणाऱ्याने 'नो' लावून स्पष्ट नकार दिला असेल, किंवा तो त्याबद्दल काहीच बोलला नसेल. सारणीला हा भेद कळत नाही. नकार आणि मौन ह्यांची नोंद ती एकाच आकड्याने करते.

हा भेद महत्त्वाचा का, हे 'ओ' ह्या मोठ्या लिपीतील निशाणावरून समजते. ('ए.आउट'चा उल्लेख करताना आलेला 'ओ' लहान लिपीतला, दोन्ही वेगळे.) मोठा 'ओ' सांगतो की तयार होणारी आज्ञावली अधिक वेगवान करण्याची खटपट किती करावी : पायरी एक, दोन की तीन. प्रत्येक पायरी म्हणजे अनेक 'एफ' निशाणांचा संच. आता एखाद्याने 'दुसरी पायरी द्या, पण त्यातले अमुक एक नको' असे म्हटले आणि तो नकार ओळीत आधी लिहिला, तर नंतर वाचलेली पायरी त्याला पुसून टाकील. दुसऱ्या मालिकेतल्या लेखकांनी ह्यावर काढलेला तोडगा एखाद्या सावध वाचकासारखा आहे. कंपायलर ओळ दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात फक्त 'ओ' शोधतो आणि त्या पायरीनुसार सगळी चले भरून ठेवतो. मग पुन्हा आरंभापासून वाचतो, आणि ह्या वेळी माणसाने प्रत्यक्ष उच्चारलेले होकार-नकार आधीच्या गृहीतांवर लिहितो. मौन आधी, वाणी नंतर. म्हणून वाणीचा विजय.

पण दोन वाचने पुरेनाशी झाली. काही गृहीत मूल्ये अशी असतात की ती ठरवण्यासाठी लागणारी माहिती ओळ पूर्ण वाचून झाल्याशिवाय हाती येत नाही. इंटेलच्या घराण्यातल्या यंत्रांवर बत्तीस बिटांचे आणि चौसष्ट बिटांचे असे दोन प्रकार आले, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. मे २००२ च्या ३.१ ह्या आवृत्तीत चौसष्ट बिटांचा आधार आला. त्या सुमाराच्या संहितेत काही चलांत आरंभीच 'दोन' हा आकडा भरून ठेवलेला आढळतो, आणि सोबत खुलासा आहे : यंत्राचा प्रकार ह्या क्षणी ठाऊक नाही, तेव्हा दोन लिहून ठेवतो, माणसाने काही सांगितले तर ते त्याच्यावर लिहिले जाईल, नाही सांगितले तर आपण नंतर ठरवू. (खुलाशाच्या इंग्रजी वाक्यात शब्दांची अदलाबदल झाली आहे, घाईत लिहिलेली ती समासातली टीप आहे, हे उघड दिसते.) ज्या चलाला शून्य आणि एक एवढेच ठाऊक असायचे, त्यात 'दोन' म्हणजे 'अद्याप कोणी काही बोललेले नाही'. इतरत्र दुसऱ्या लेखकांनी ह्याच अर्थासाठी उणे एक योजला. मौनासाठी एकच चिन्ह ठरलेले नव्हते, प्रत्येक लेखनिकाने आपापले काढले. जुन्या हस्तलिखितांत गळालेल्या अक्षरांची जागा दाखवण्याच्या जशा नाना तऱ्हा, तशा ह्या.

२००३ साली नील बूथ ह्यांनी निशाणांच्या नोंदीची पद्धतच बदलायला घेतली. एप्रिल २००४ च्या ३.४ ह्या आवृत्तीत हा बदल लोकांपर्यंत पोचला. तुलनांची साखळी मोडून निशाणे साध्या मजकुराच्या, 'ऑप्ट' हे नाव शेवटी लावलेल्या, फाइलींत आली : सर्व भाषांना सामाईक ती 'कॉमन.ऑप्ट'मध्ये, सी-कुळातील भाषांची 'सी.ऑप्ट'मध्ये, आणि कालांतराने प्रत्येक यंत्राचीही अशीच वेगळी फाइल. ह्या फाइली उघडल्या तेव्हा मला प्रथमच ओळखीच्या प्रदेशात आल्यासारखे वाटले. ते कोश आहेत. दोन नोंदींमध्ये एक कोरी ओळ. नोंदीच्या पहिल्या ओळीत शब्द. दुसऱ्या ओळीत व्याकरण : निशाण कोणत्या भाषांना लागू, ते इशाऱ्याचे आहे का, त्याच्यापुढे संख्या जोडून लिहायची की सुटी, नकाररूप चालते की नाही, कोणत्या चलात त्याची नोंद होते, आरंभीचे मूल्य काय. तिसऱ्या ओळीत अर्थ. न वापरलेल्या चलाबद्दल इशारा देणाऱ्या निशाणाची नोंद पाहिली तर त्यात नाव, ते सर्व भाषांना लागू असल्याची खूण, चलाचे नाव, ते इशारा असल्याची खूण, आणि कोणते मोठे निशाण दिले असता हे आपोआप वर होते त्याचा निर्देश, एवढे सगळे दोन ओळींत मावते. अर्थ एका वाक्यात.

कंपायलर बांधला जाताना 'ऑक' भाषेतल्या काही छोट्या आज्ञावल्या हे सगळे कोश गोळा करतात, वर्णक्रमाने लावतात, एकाच शब्दाच्या दोन ठिकाणच्या नोंदी एकत्र करतात, आणि त्यांतून चलांच्या व्याख्या, घोषणा, सारणी असे सगळे स्वतः लिहितात. हॉपर ह्यांच्या मूळ अर्थाने हे खरे संकलन. सारणी वर्णक्रमाने लागल्यामुळे शब्द शोधण्यासाठी ती पहिल्यापासून चाळावी लागत नाही. कोश मध्यावर उघडून मागे की पुढे हे ठरवतो तसे करता येते. 'वॉल' शब्दाऐवजी कोणी पूर्ण इंग्रजी शब्दप्रयोग लिहिला, तर तोही चालावा म्हणून समानार्थी शब्दांची एक यादी पूर्वी तिसऱ्याच फाइलमध्ये होती. २०११ च्या ४.६ आवृत्तीपर्यंत तीही कोशात आली आणि 'पाहा : अमुक' अशा धर्तीची नोंद झाली.

मात्र कोश नीट लागला तरी मौनाचा प्रश्न सुटत नाही. तो सुटला २०१० मध्ये, जोसेफ मायर्स ह्यांच्या हातून. इतस्ततः पसरलेली शेकडो चले त्यांनी एका रचनेत बांधली, आणि हुबेहूब तशीच दुसरी रचना तिच्या शेजारी ठेवली. पहिलीत निशाणाचे मूल्य. दुसरीत एवढेच, की ह्याबद्दल माणसाने स्वतः काही सांगितले आहे काय. पहिलीत शून्य आणि दुसरीत खूण असेल, तर तो नकार. दोन्हीकडे शून्य असेल, तर ते मौन. तेवीस वर्षांनी ह्या संहितेला 'नाही' आणि 'काही नाही' ह्यांतला फरक सर्वत्र सारखा सांगता आला. दोन आणि उणे एक हे जुने आकडे लगेच गेले नाहीत, काही ठिकाणी अजून आहेत. परंतु आता ते अपरिहार्य राहिलेले नाहीत.

ह्या पायावर पुढे एक नियम उभा राहिला, तो संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना ओळखीचा वाटेल. 'डब्ल्यू-ऑल' दिले आणि त्याच्या पोटातल्या एकाच इशाऱ्याला 'नो' लावले, तर त्यांचा क्रम कसाही असो, नकार टिकतो. विशेष हे सामान्यापेक्षा बलवान. उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचा हाच संबंध आहे. ज्यांच्यात असा सामान्य-विशेष भाव नाही, उदाहरणार्थ एकाच ओळीत दोनदा दिलेले 'ओ', तेथे नंतरचे निशाण मानले जाते. समबल नियमांच्या विरोधात परवर्ती नियम घ्यावा, हे पाणिनीचे धोरण आठवते. मी येथे कोणताही प्रभाव सुचवीत नाही. पाणिनी आणि संगणकभाषा ह्यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे इतके सैल लिहिले जाते की सावधगिरी बरी. १९६७ साली पीटर इंगरमन ह्यांनी संगणकभाषांच्या व्याकरणलेखनाच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे अशी सूचना एका नियतकालिकातील पत्रातून केली होती, एवढे खरे. नियमांची संख्या वाढली आणि ते एकमेकांना छेदू लागले, की कोणत्याही काळी सुजाण माणसे ह्याच दोन-तीन तोडग्यांपाशी येतात, इतकेच मला म्हणायचे आहे.

आतापर्यंतचे विवेचन हा संहितेच्या घरातला मामला झाला. जुलै २००९ मध्ये मात्र मौनाची किंमत घराबाहेर दिसली. लिनक्सच्या गाभ्यात 'टन' नावाचा एक भाग आहे. त्यातल्या एका कार्यात एक पत्ता हातात येतो. लिहिणाऱ्याने आधी त्या पत्त्यावर जाऊन एक वस्तू उचलली आणि मग दुसऱ्या ओळीत विचारले, की पत्ता रिकामा तर नाही ना? क्रम चुकला होता. पण तपासणी होती. कंपायलरने असा विचार केला : ज्या अर्थी ह्या पत्त्यावर आधीच जाऊन आलेले आहेत, त्या अर्थी तो रिकामा नसणार, सी भाषेच्या नियमाने रिकाम्या पत्त्यावर जाणे अर्थशून्य आहे, म्हणून ही तपासणी निरर्थक, म्हणून ती गाळावी. आणि त्याने ती गाळली. छापखान्यातल्या अतिहुशार मुद्रितशोधकाने पुनरुक्ती समजून वाक्य उडवावे, तसे. ब्रॅड स्पेंग्लर ह्यांनी दाखवून दिले की ह्या गाळलेल्या ओळीच्या फटीतून साध्या वापरकर्त्याला यंत्राची पूर्ण सत्ता मिळवता येते.

गाळण्याच्या ह्या कृतीलाही एक निशाण आहे : निरर्थक वाटणाऱ्या रिकाम्या पत्त्याच्या तपासण्या काढून टाकणारे. ते 'ओ'च्या दुसऱ्या पायरीच्या संचातले. लिनक्सच्या लेखकांनी ते मागितले नव्हते. त्यांनी फक्त नको म्हटले नव्हते. मौन हे संमतीचे लक्षण, ह्या न्यायाने कंपायलर वागला, आणि भाषेच्या नियमांच्या दृष्टीने त्याचे काही चुकलेही नाही. त्यानंतर त्या कार्यातल्या ओळींचा क्रम सुधारला गेला, आणि लिनक्सच्या बांधणीच्या सूचनांत हे निशाण 'नो' लावून कायमचे लिहिले गेले. २०१० ची सुधारणा ह्या घटनेमुळे झाली असे म्हणण्यास आधार नाही. तिने हा प्रश्न सुटलाही नसता. माणूस बोलला नाही हे आता कंपायलरला पक्के ठाऊक असते. तो का बोलला नाही, हे ठाऊक नसते. बहुतेक वेळा त्याचे कारण असे निशाण अस्तित्वात आहे हेच त्या माणसाला माहीत नसते, हे आहे.

राहिला प्रश्न मेलेल्या शब्दांचा. लूपमधील गुणाकाराच्या जागी बेरीज करून वेळ वाचवण्याचे एक निशाण जुन्या जीसीसीत होते. ते काम आज निराळ्या रीतीने, निराळ्या भागाकडून होते. निशाणाला करण्यासारखे काही उरलेले नाही. तरी 'कॉमन.ऑप्ट'मध्ये त्याची नोंद आहे. पत्ते यंत्राच्या रजिस्टरांत आणण्याची सक्ती करणाऱ्या निशाणाचेही तसेच. अशा नोंदींच्या व्याकरणाच्या ओळीत 'दुर्लक्ष करावे' अशा अर्थाची खूण असते, आणि अर्थाच्या ओळीत एवढेच, की ह्याने काही होत नाही. जुन्याशी मेळ राहावा म्हणून जपले आहे. कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या बांधणीच्या सूचनांत हा शब्द असेल, आणि तो ओळखला नाही तर ती सगळी बांधणी कोसळेल, म्हणून तो ओळखायचा आणि काही करायचे नाही. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत चिपळूणकरपूर्व गद्य आणि केशवसुतपूर्व पद्य ह्यांतले उतारे मूळ लेखनाप्रमाणे छापावेत असा नियम आहे. त्यामागची भावना फार निराळी नसावी. २००७ मध्ये खुल्या झालेल्या क्लँग ह्या प्रतिस्पर्धी कंपायलरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जीसीसीसाठी लिहिलेल्या सूचना तेथेही चालाव्यात म्हणून त्याच्या निशाणांच्या कोशात एक स्वतंत्र गट आहे : जीसीसीची जी निशाणे आम्ही पाळत नाही, पण ऐकून घेतो ती.

ही संहिता वाचणे हा आपल्याकडचाही अभ्यासविषय झाला आहे. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर ह्यांच्या पुढाकाराने जीसीसीसाठी एक केंद्र चालले आणि २०११ साली तेथे तिच्या अंतरंगावर कार्यशाळा झाली. तिची टिपणे माझ्या सहकाऱ्यांच्या कपाटात आहेत. माझ्यासारखीला त्यांतले फारसे झेपले नाही.

आजही सगळ्या वह्या एक झालेल्या नाहीत. कोशातली अर्थाची एक ओळ वेगळी आणि पुस्तिकेतले सविस्तर वर्णन वेगळे, दोन्ही माणसेच लिहितात. २०२४ साली कोशाच्या प्रत्येक फाइलीशेजारी आणखी एक फाइल आली. तीत निशाणाचे वर्णन पुस्तिकेत कोठे आहे त्याचा पत्ता असतो, आणि तो यंत्राने शोधून भरलेला असतो. ज्यांचा पत्ता सापडला नाही त्या नोंदीही त्यामुळे नजरेस येऊ लागल्या. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून निशाणाचे स्पेलिंग चुकले तर कंपायलर जवळचा शब्द सुचवतो : तुम्हांला असे म्हणायचे होते काय?

एका बाबतीत मात्र तो सुचवत नाही. इशारा मागणारे अनोळखी निशाण दिले तर कंपायलर लगेच थांबतो आणि हा शब्द ठाऊक नसल्याचे सांगतो. पण त्याच अनोळखी इशाऱ्याला 'नो' लावून, 'हा इशारा मला नको' असे म्हटले, तर तो गप्प राहतो. जुन्या कंपायलरला उद्याचे इशारे ठाऊक नसणार, आणि जे त्याला देताच येत नाही ते नको म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असा हा हिशेब. मात्र त्या आज्ञावलीत दुसरी काही चूक निघाली आणि त्याला बोलावेच लागले, तर त्याच्या ओघात तो हेही नमूद करतो, की तुम्ही ज्याला नकार दिला होता तो शब्द मला ठाऊक नाही.